घोडी

व्हायोलिनच्या तारा जिच्या पाठीवरून जातात
त्या लाकडाच्या चिमुकल्या तुकड्याला आम्ही घोडी म्हणतो.
भिंतीपलीकडचा मागवाला बसप्पा म्हणतो, कुदरी.
म्हणजे तीच, फक्त दुसऱ्या तबेल्यातली.
इनास बारदेसकर म्हणाला, बुडापेस्टात तिला
पाय म्हणतात. नुसता पाय.
मग चालतं कोण? मी विचारलं.
तो हसला नाही. पेटी उघडली:
घोडी मोडलेली, गज टकला.

खानापूरच्या चर्चमधला हात घेऊन
गुरांचा डॉक्टर व्हायला गेला होता तिकडे.
झालाही. पण रात्री एका तळघरात
ओल आलेल्या भिंतीला टेकून जाझ वाजवायचा,
आणि पहाटे, बाकीचे खुर्च्या उलट्या करून गेले
की एक म्हातारा त्याला जुनं काहीतरी शिकवायचा,
आधी लाश्शू, मग फ्रिश.
म्हणजे विलंबित आणि द्रुत, मी म्हटलं.
थोडंफार, तो म्हणाला. विलंबितात ते जास्त रडतात.

केस पांढरेच हवेत. नायलॉन नको.

शहापुरात नव्हते, कॅम्पात नव्हते.
गोवावेसला हुसेनसाबची मैना तेवढी उरलेली,
लग्नातली, नवरदेव वाहणारी.
घोडीचे केस गजाला घेऊ नयेत, बाबा सांगायचे,
मुतानं शेपूट भिजते, केस कमकुवत होतात.
घोड्याचेच घ्यावेत.
घोडा कुठून आणू, बाबा?

हुसेनसाब म्हणाले, शेपटीतले घ्या की वो,
आयाळीला हात लावू नका, उद्या वरात आहे.
पैसे नकोत. डॉक्टर आहेत म्हणे हे,
पुढचा उजवा टेकत नाही ती, तेवढं बघा.
इनासनं कोट काढला, वाकला,
मैनेचा पाय मांडीवर घेतला
आणि हंगेरियनमध्ये काहीतरी पुटपुटला.
तिनं एक कान मागं नेला. पुढं आणला.
खुरातून हरभऱ्याएवढा खडा निघाला.

मी केस धुतले तीनदा. चमकी गेली नाही.

संध्याकाळी दुकानातच वाजवून बघितलं त्यानं.
सतरंजीवर बसून, व्हायोलिनचं डोकं घोट्यावर टेकवून.
कोमल गंधार लावला, तिथून उडी मारून तीव्र मध्यम,
मध्ये रिकामं रान.
तोडी, मी म्हटलं.
तेवढ्यात रिषभ लागला, शुद्ध,
आणि माझी तोडी दारातच थांबली
अनोळखी चपला बघून.
बसप्पा खिडकीतून ओरडला, हे आमचं आहे!
माझा मामा सनईवर वाजवायचा,
सिंहेंद्र की कायसं, पुढचं लांबडं नाव विसरलो.
त्या म्हाताऱ्याकडे नावच नव्हतं, इनास म्हणाला.
तो नुसता 'आईचं' म्हणायचा.

मग उठून उभा राहिला. हनुवटीखाली घेतलं.
बसप्पाचा माग चालूच होता, खटाखट, खटाखट,
त्याच्या किंचित मागं रेलून वाजवत राहिला,
उशीर झालेला माणूस घाई सोडून देतो तसा.
तेच सूर. पण आता त्यांनी बाह्या वर केल्या होत्या.

लाईट गेली.
माग बंद पडला.
तरी तो त्याच्या मागंच होता, तेवढाच, केसभर,
नसलेल्या ठोक्याची वाट बघत,
आणि अंधारात गजावरची चमकी दिसली का मला,
की ते मी नंतर घातलं,
सांगता येत नाही.
बसप्पा म्हणाला, सुरू करू नको म्हणून सांग रे कोणी
त्या लाईटवाल्यांना.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोरून वरात गेली.
मैना सरळ चालत होती.
बँडवाल्याचा रिषभ थोडा उतरलेला,
कधी नव्हे ते मला खटकलं.

वहीत लिहिलं:
घोडी नवी, एक.
केस, मैनेचे.
पैसे यायचे आहेत.